भाड्याचा साक्षीदार

४ जाने. १८८६, कर्जत
कशेळ्याच्या बाजारात उपदेश. जाऊन येऊन पायाला फोड. विषय: आपला धर्म ही कहाणी नव्हे, घडलेली गोष्ट. रोमी सुभेदाराच्या अमदानीत येशूला वधस्तंभी दिले, तिसऱ्या दिवशी कबर रिकामी, पुष्कळांनी त्याला जिवंत पाहिले. गर्दी छान जमली होती. मला चेव आला. हात वर करून ओरडलो, "याला साक्षीदार पाहिजेत! कोण साक्ष देतो?"
बाजार पांगला. एक बाई सुक्या बोंबलांची पाटी टाकून पळाली. मग एक म्हातारा झाडाआडून: "मास्तर, फौजदारी हाय का दिवानी? आमी काय बी बघितलं नाय रं बाबा."
इथे साक्ष म्हणजे कचेरीचे बोलावणे, कामाचा खोळंबा आणि वर शिपायाच्या शिव्या. उपदेशकांच्या शाळेत हे कोणी शिकवले नाही.

६ जाने.
मिशनच्या साहेबांचा निरोप. पुढच्या महिन्यात येतात. एक तरी जिज्ञासू, म्हणजे ख्रिस्ती होऊ पाहणारा, दिसला नाही तर कर्जतचे काम बंद, आम्ही परत नगरास. सौ.ला सांगितले. ती परसात वालाच्या वेलांपाशी होती. "आत्ता कुठं शेंगा धरल्यात. मी नाही हलायची." जणू मीच हलवतो आहे.

९ जाने.
देव कृपाळू आहे. थट्टेखोरही असावा. जिज्ञासू आला!
नाव राघो भोईर. दिवसभर कचेरीच्या पायरीवर बसतो. धंदा: भाड्याने साक्ष देणे. बांध कोरला, बैल चोरला, काहीही असो, राघोने ते डोळ्यांनी पाहिलेले असते. ओटीवर मांडी घालून म्हणाला, "कशेळ्याला साक्षीदार मागत व्हते म्हनं. मी हाय ना! मयत कोन, जागा कुठली, तेवढं सांगा."
"तसे नव्हे रे. मनापासून द्यायची साक्ष."
"मनापासूनच देतो. कचेरीत इचारा."
हाकलणारच होतो. सौ. आतून खोकली. तो खोकला मी ओळखतो. म्हटले, "बैस. वाचून दाखवतो."

१५ जाने.
रोज येतो. चारही शुभवर्तमाने, म्हणजे चौघांनी लिहिलेली येशूची हकीकत, ऐकतो आणि उलटतपासणी माझी घेतो. कबरेच्या तोंडावरचा धोंडा केवढा? कोणी ढकलला? कबरेवरचे पहारेकरी म्हणाले, आम्ही झोपलो असता शिष्यांनी प्रेत चोरले. यावर राघो मांडी थोपटून हसला. "झोपलेल्या मानसानं चोर वळखला? कोनी शिकवलं रं ह्यांना? माझ्याकडं आले असते तर..." खरोखर हळहळला.
पण आज फजिती. कबरेपाशी देवदूत एक, असे एकजण लिहितो. दुसरा म्हणतो दोन. तिथून मी नेहमी घाईने वाचतो. राघोने पकडले. "थांबा, थांबा. येक का दोन?"
माझे कान तापले. उद्या सांगतो म्हणालो. राघो उठून गेला. संपले बहुधा.

१६ जाने.
खुलासा पाठ करून बसलो होतो. राघो आला तो गंभीर. ओटीवर चढेना.
"मास्तर, ही साक्ष शिकवलेली नाय."
"म्हणजे?"
"शिकवलेली आसती तर चौघं बी येकच बोलले आसते. मी शिकवतो ना लोकांना, मला ठावं. आनी रिकाम्या कबरेची पयली साक्ष बायांची! बायांचं कचेरीत कोन ऐकतो? मला रचायची आसती तर मी पाटील घातला आसता." मग ओटीवर चढून बसला. "हे घडलंय, मास्तर."
माझा खुलासा पोटातच राहिला, त्याचा थोडा रागही आला. पण अंगावर काटा आला. इतकी वर्षे हेच सांगत हिंडतो, असा काटा कधी आला नव्हता. आला तो या लबाडामुळे!

२ फेब्रु.
साहेब आले. राघोला माझा धुतलेला सदरा घातला होता. साहेब त्यांच्या मराठीत, "राघो, तू या गोष्टीचा साक्ष देतो काय?"
राघो कचेरीत राहतो तसा हात जोडून उभा राहिला. "नाय, साहेब."
साहेबांना वाटले, याला ऐकू गेले नाही. पुन्हा विचारले.
"नाय. मी तवा तिथं नव्हतो. न बघितलेल्या साक्षी लई दिल्या, त्या खोट्या व्हत्या. ही खरी हाय. हिला माझं तोंड लावायचं नाय."
साहेब माझ्याकडे बघून, "म्हणजे हा जिज्ञासू नाही?" काय सांगणार! याच्याइतका जिज्ञासू मी जन्मात पाहिला नाही, हे तोंडाशी आले, पण... तेवढ्यात सौ.ने वालाचे बिरडे आणले. साहेबांनी पुन्हा मागून घेतले. जाताना म्हणाले, पावसाळ्यापर्यंत पाहू. हे राघोमुळे की बिरड्यामुळे, देव जाणे. सौ.ला विचारू नये.

११ फेब्रु.
बाजारात बोलवा आहे: राघो पायरीवर बसत नाही. बैलचोरीच्या खटल्यात ठरलेली साक्ष द्यायला नाही म्हणाला. बैलवाला त्याला शोधत, शिव्या देत फिरतो आहे.
दुपारी आमच्याकडे आला. तोंड सुकलेले. "मास्तर, खोटं सोडलं. आता खाऊ काय?"
ठेवणीतले एक शास्त्रवचन होते. जिभेवर आले, गिळले. मला पगार मिशनचा, मी कोणत्या तोंडाने... "आधी जेव," म्हणालो. सौ.ने पान वाढले. खाली मान घालून जेवला, पान उचलले, जागा सारवली. मी मनात म्हटले, निभावले.
तो दारातून मागे वळला.
"मास्तर, आनी उद्या?"