दोन चमचे पेज

आई, काल मिस्सात तुझी गोष्ट सांगितली गेली. नव्या फादरनी तुला पाहिलेलंही नाही. धाकट्या भावानंच पुरवली असणार, चर्चच्या कमिटीत मिरवायला त्याला काहीतरी लागतंच. मरणाच्या दारातली एक बाई, पण पोटात पेजेचे दोन चमचे गेले होते म्हणून तिनं कम्युनियनची भाकर घेतली नाही, ती उपाशीपोटीच घ्यायची असते. "अशी श्रद्धा हवी," फादर म्हणाले. पुढच्या बाकावरच्या बायकांनी माना डोलावल्या.  मला राग आला तो परतताना, बंगळूरच्या एचएसआर लेआउटच्या सिग्नलला रिक्षा अडकली तेव्हा, आणि तोही गार झालेला.

ती पेज हॉस्पिटलात मी भरवली होती. रागीची, पातळ, मीठ घालून. कितीतरी दिवसांनी तू तोंड उघडलं होतंस, त्यामुळे पुन्हा तशी वेळ आली तरी मी ती भरवेन. तेवढ्यात तेव्हाचे फादर दारात. सकाळपासून तू त्यांचीच वाट बघत होतीस, मला सारखी विचारत होतीस, आले का गं. आणि आता ते समोर उभे आहेत तर तू ओठ घट्ट मिटून मान हलवतेस. "मी खाल्लंय, फादर." ते वाकून तुझ्या कानाशी म्हणतात, "परवागिल्ला अम्मा, काही हरकत नाही. आजारी माणसाला उपासाचा नियम नाही. चर्चनंच सूट दिलीय." तू म्हणतेस, "सूट आळशांना." मी म्हणाले, "आता पोप आले तरी त्यांनाही चार गोष्टी शिकवशील." फादर हसले, तू हसली नाहीस. "सरी, उद्या येतो," म्हणून ते गेले. ते आले तेव्हा तुझ्या रिकाम्या पलंगावर दुसरी चादर घातलेली होती.

यात श्रद्धा कुठे होती, मला कुणी सांगावं. ती भीती होती. मला ओळखता येते, कारण लहानपणी तीच तू आम्हाला वाढलीस. चर्च म्हणायचं, कम्युनियनच्या आधी तासभर खाऊ नका. तुझ्या घरात आदल्या रात्रीपासून स्वयंपाकघर बंद. नाताळच्या सकाळी मी फराळातल्या कुलकुलावरची चिमूटभर साखर बोटानं चाटली, तर सगळं चर्च कम्युनियनच्या रांगेत उभं असताना तू मला एकटीला बाकावर बसवून ठेवलंस. शाळेतल्या सिस्टरसुद्धा वळून बघत होत्या. "देवाला कळतं," तू म्हणालीस. देवाला साखर कळते, आई, आणि आठ वर्षांच्या पोरीची भूक कळत नाही?

पण मग तो गुड फ्रायडे आठवतो, आणि माझं सगळं भांडण अडकतं. आपण राहायचो त्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये शेजारच्या अक्काचा नवरा गेला होता. आदल्या दिवसापासून तिनं घोटभर पाणीही घेतलं नव्हतं, पोराला पाजायचं थांबलं होतं. वर्षातला सगळ्यात कडक उपास, चर्चला निघायची वेळ झालेली, आणि तू डोक्यावरचा पदर कमरेला खोचून तिच्याकडे गेलीस. भात आणि पातळ सारू कालवलंस. "मी जेवते, तूही जेव," म्हणालीस आणि पहिला घास स्वतः घेतलास. एक घास तू, एक घास ती, ताट संपेपर्यंत. परत येताना मी विचारलं, "आता कन्फेशनला हे पाप सांगणार?" मी वेडी असल्यासारखं तू माझ्याकडे बघितलंस. "त्यात काय सांगायचं? बाई उपाशी होती."

तू पण उपाशी होतीस ना, हॉस्पिटलात. दुसऱ्याच्या भुकेपुढे नियम केवढासा असतो हे तुला पक्कं ठाऊक होतं, मग स्वतःच्या वेळी एवढी का गं कडक? धाकट्याला मी फोन केला. म्हटलं, गुड फ्रायडेची गोष्ट दे फादरना. तो म्हणाला, "अक्का, स्वल्प विचार कर. उपास मोडल्याची गोष्ट कोण प्रवचनात सांगेल?" म्हणजे तुझी ती दुपार आता माझ्याशिवाय कुणाकडे नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकते. गेली काही वर्षं मला आत काहीच वाटत नाही. प्रार्थना तोंडपाठ आहेत, ओठ हलतात. तरी एक रविवार चुकवलेला नाही, आणि कालही तुझी गोष्ट संपल्यावर उठून कम्युनियनच्या रांगेत उभी राहिले, उपाशीपोटी. हे कळलं असतं तर तू रागावली नसतीस. नियम तरी पाळला म्हणून खूश झाली असतीस, आणि मला त्याचाच राग येतो.