पुकार तुटली त्या दिवसापासून

९ जुलै
आज लिलावात बोलीचे आकडे पुकारताना पुकार तुटली. माझ्याकडून.
हात अजून थंड आहेत. अक्षर वाकडं येतंय, तरी लिहून काढतो.
संध्याकाळचा लिलाव, कोथिंबिरीची रांग. गिरणारे गावच्या सिंधूमावशींचं वक्कल, म्हणजे त्यांच्या मालाचा ढीग, समोर आलं. सगळ्या जुड्या एकसारख्या, ताज्या. शंभर जुड्यांमागे बोली चढत होती. व्यापारी अंगावर आलेले, पण ते रोजचंच. मी "अठ्ठावीसशे, अठ्ठावीसशे" म्हणालो आणि पुढचा आकडा घशातून आलाच नाही. छातीत धाडधाड. बोटांना मुंग्या, ओठांनाही. माणसं समोर असून लांब गेली, त्यांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे. डोक्यात एकच, मेलो. इथेच, या जुड्यांवर पडणार.
आमच्या आडतीवर नियम आहे, पुकार थांबली की माल शेवटच्या बोलीला गेला. आमचे आडते नाना, त्यांनीच घातलेला, वाद नको म्हणून. मी गप्प झालो तसा एका व्यापाऱ्याने ढिगावर हात ठेवला. "सुटलं!" मागे दोघांचे हात वर होते. ते अजून वाढवणार होते.
मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसलो. काही वेळाने सगळं आपोआप उतरलं. मेलो नाही. पण मावशींचा माल पडत्या भावात गेला तो गेलाच.

१० जुलै
सरकारी दवाखान्यात गेलो. आईला सांगितलं नाही. वडील छातीत कळ येऊन गेले, तिला सांगायचं तरी कसं.
छातीची ईसीजी पट्टी काढली. रक्तही घेतलं. डॉ. म्हणाले, "हृदय उत्तम आहे. घाबरलात का कशाला?" मी नाही म्हणालो. खरंच नव्हतो घाबरलो. आकडा म्हणत होतो फक्त.
घरी येताना वाटलं, पट्टी काढताना ते आलंच नव्हतं, मग पट्टीत कसं दिसणार?

१२ जुलै
नानांनी गाळ्यात बोलावलं. आधी चहा दिला. चहा दिला तेव्हाच कळलं काहीतरी आहे.
"दीपक, खरं सांग. त्या व्यापाऱ्याशी काही ठरलं होतं?"
मला आधी समजलंच नाही. मग समजलं. पुकार करणाऱ्याने मुद्दाम दम घेतला तर व्यापाऱ्याचा फायदा. पूर्वी एकाने केलं होतं म्हणे, त्याला मार्केटमधून हाकललं.
मी म्हणालो, "नाना, चक्कर आली होती."
"नेमकी अठ्ठावीसशेला आली?"
कप खाली ठेवून उठलो. बाहेर आलो तर हमाल हसत होते. एक म्हणाला, "काय भाऊ, गप्प बसायचे किती भेटतात? आम्हीपण बसतो."

१५ जुलै
पुन्हा आलं. शेअर रिक्षात, द्वारकेच्या चौकात. मी मधे, दोन्हीकडून माणसं. तेच सगळं, मुंग्या, धाडधाड, मेलो. "थांबवा, थांबवा" म्हणून उतरलो आणि घरापर्यंत चालत आलो.
आता रिक्षा नको.
परवा आंघोळीच्या वाफेतही सुरू होईल असं वाटलं. तेव्हापासून दार उघडं ठेवून, गार पाण्याने. चहा बंद. पाण्याची बाटली कायम पिशवीत. मानेवर बोट ठेवून ठोके बघतो, दर थोड्या वेळाने. बघितले की वाढतात. वाढले की अजून बघतो.

१७ जुलै
आईला कळलं. गार पाण्यावरून कळलं. सगळं सांगितलं, फक्त वडिलांसारखं वाटतं हे सोडून. ते ती न सांगताच समजली, कारण शिवण अर्धवट टाकून मशिनवरून उठून आत गेली.
तिन्हीसांजेला दृष्ट काढली. मीठ, मोहरी, मिरच्या, तव्यावर. ठसका लागला नाही तर नजर मोठी, असं तिचं म्हणणं. ठसका तर लागलाच, दोघांनाही, पण त्या धुरात माझा श्वास अडकला आणि ते आलं. मी दाराकडे धावलो. आई मागे, हातात तवा.
"उतरतीये रे, उतरतीये नजर! थांब जरा!"
आत्ता लिहिताना हसू येतंय. तेव्हा नाही आलं.

२१ जुलै
सहा दिवस लिलावात उभा राहिलो नाही. म्हणजे गेलो, पण गाळ्यात पावत्या लिहीत बसलो. बाहेर किरण पुकार करतो. नानांचा पुतण्या. आवाज चांगला आहे त्याचा, पण घाई करतो.
"दीपकभाऊ, मोबाइल सायलेंटवर टाकतात, माणूस नाही," म्हणाला. सगळ्यांसमोर. मी हसलो. काय करणार.
सिंधूमावशींचा टेम्पो आज शेजारच्या गाळ्यावर लागला. आमच्याकडे पाहिलंही नाही त्यांनी. नानांनी माझ्याकडे पाहिलं.
मी बारावी नापास. मला एकच गोष्ट येते, ती म्हणजे आकडा न चुकता, न अडखळता, शेवटपर्यंत म्हणणं. तीच गेली तर

२४ जुलै
रक्ताचे रिपोर्ट आणायला गेलो, तेही चांगले. त्याच डॉ.नी चिठ्ठी दिली, वरच्या मजल्यावर दाखवा. वर जाऊन बघतो तर दारावर 'मानसोपचार'. परत खाली आलो. गेटपर्यंत आलो. रिक्षास्टँडवर उभं राहून विचार केला, रिक्षात बसता येत नाही म्हणून तर आलोय. पुन्हा वर गेलो. बाकावर तोंड भिंतीकडे करून बसलो, ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून.
मॅडम वयाने फार मोठ्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं. मधे टोकलं नाही.
म्हणाल्या, "याला पॅनिक अटॅक म्हणतात. शेतात राखणीला कुत्रा असतो ना? चोर आला की भुंकतो. तुमचा पान हललं तरी भुंकतोय. कुत्रा वाईट नाही. पण चोर आलेलाच नाही."
"पण मरतोय असंच वाटतं."
"वाटणारच. शरीर पळायच्या तयारीला लागतं. छाती धडधडते, श्वास भराभर चालतो, त्याने मुंग्या येतात. चढतं आणि उतरतं. तुम्ही काही केलं नाहीत तरी उतरतं."
मग विचारलं, काय काय टाळता? मी सांगत गेलो. रिक्षा, वाफ, चहा, गर्दी, लिलाव. सांगता सांगता मलाच कळलं की उरलंय काय.
"झटका हा एक भाग," म्हणाल्या. "पुन्हा येईल या भीतीने जगणं आकसत जातं, तो खरा आजार. त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. बरा होतो."
मी विचारलं, हा वेडाचा प्रकार आहे का. "नाही," म्हणाल्या. एवढंच. त्यावर भाषण दिलं नाही, म्हणून विश्वास बसला.

२६ जुलै
मॅडमनी लिहून दिलेली गोळी सुरू केली नाही अजून. पाकिटातला कागद वाचला. त्यात लिहिलेलं सगळं मला होईल असं वाटतंय. मॅडम म्हणाल्या होत्या की परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि मनाने बंद करायची नाही. सुरूच केली नाही तर बंद करायचा प्रश्न नाही.
आईने तळहातावर गोळी ठेवली. "देवाचा अंगारा न विचारता खातोस. ही विचारून दिलीये."
घेतली.

३१ जुलै
मॅडमनी आज खुर्चीत बसवून मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावला. मी नको म्हणत होतो. त्या स्वतः पण घेत होत्या माझ्याबरोबर. थोड्याच वेळात बोटांना मुंग्या, डोकं हलकं, छातीत धाडधाड. अगदी तेच. मी खुर्चीचे हात धरले.
"आता काही करू नका. पाणी नको, ठोके मोजायचे नाहीत. नुसतं बसा."
बसलो. फार भयंकर होतं. मग उतरलं.
"हे आत्ता कोणी केलं?"
"मी."
"मग ते बाहेरून येत नाही."
कळलं. पण कळणं वेगळं आणि छातीला कळणं वेगळं. घरी येताना पायीच आलो.

५ ऑगस्ट
बाटली घरी ठेवून शेअर रिक्षात बसलो. मधे. द्वारकेला आलं. उतरलो नाही. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "उलटी होतीये का पोरा? तोंड बाहेर काढ." मी मान हलवली, नाही. जीव जातोय असं आजोबांना कसं सांगणार. पंचवटी येईपर्यंत उतरलं होतं. शर्ट घामाने ओला. आजोबा मात्र पार त्या टोकाला सरकून बसले होते.

९ ऑगस्ट
नानांना सांगितलं. चोर म्हणवून घेण्यापेक्षा आजारी बरा, असं मनाशी घोकत गेलो होतो. रोगाचं नाव सांगितलं, गोळ्याही दाखवल्या.
नाना बराच वेळ पाकीट उलटसुलट करत होते. "म्हणजे घाबरतोस."
"हो."
"कशाला?"
"घाबरण्यालाच."
नाना म्हणाले, "वीस वर्षं गाळा चालवतोय, असलं कारण ऐकलं नाही." मग म्हणाले, "बनवायचं असतं तर बरं कारण काढलं असतंस." हे चांगलं की वाईट, कळेना. "माझं सोड. त्या कोथिंबीरवाल्या बाईला तू सांग. मी सांगितलं तर आडत्याची भाषा वाटेल."

११ ऑगस्ट
सिंधूमावशी शेजारच्या गाळ्यावर जुड्या उतरवत होत्या. मी गेलो. बोलायला लागलो आणि ते सुरू झालं, तिथेच, त्यांच्यासमोर. पळालो नाही. जुड्यांच्या ढिगाशेजारी खाली बसलो आणि बसूनच बोललो. शब्द मागेपुढे झाले. 
त्या काम थांबवून बघत राहिल्या. "माझ्या जावेला व्हायचं असं," म्हणाल्या. "आम्ही म्हणायचो अंगात येतं. लय नारळ फोडले. शेवटी माहेरी धाडली तिला."
"बऱ्या झाल्या का त्या?"
"कोणी इचारलंच नाय परत."
मग जुड्या उचलायला लागल्या. मी उठलो. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आजार हाय म्हणतो तर आसंल बाबा. पण माझा माल गेला तो गेला ना? सवा महिना राखलेला. तो काय तुझ्या गोळीनं परत यायचाय?"
नाही. तेही त्यांना म्हणालो. टेम्पो काही आमच्याकडे वळवला नाही त्यांनी.

१४ ऑगस्ट
नानांनी सांगितलं, आज मेथीची चार वक्कलं घे, मग किरण घेईल. "अडलास तर किरण पुढचा आकडा उचलेल. माझ्या आडतीवर आजपासून तेवढी सूट."
दुपारभर पावत्या लिहिल्या. मॅडमचं वाक्य आठवत होतो, येणार नाही या आशेवर उभं राहायचं नाही, आलं तरी उभं राहायचं. सोपं वाटतं त्यांच्या खोलीत.
पहिलं वक्कल गेलं. दुसरं गेलं. हमाल ओरडला, "आवाज आला रे, भाऊंचं चार्जिंग झालं!" माणसं हसली, मीही हसलो. तिसऱ्याच्या मध्यावर आलं. बोटं, ओठ, मग ते विहिरीतले आवाज. शेजारच्या गाळ्याच्या कट्ट्यावर सिंधूमावशी बसल्या होत्या, इकडेच बघत. पुढचा आकडा घशात होता आणि घसा बंद होता.
यापुढचं मला नीट आठवत नाही. तोंड चालू होतं. काय म्हणत होतो ते माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. मग कोणीतरी "सुटलं" म्हणालं, मेथीवाल्याने फेटा सरळ केला, आणि चौथं वक्कल समोर होतं.
नंतर किरणला विचारलं, आकडे बरोबर होते ना? तू उचललास का एखादा?
"मी कशाला उचलू? तू थांबलासच नाही. उलट घाई करत होतास, माझ्यासारखी."
मावशी तोवर उठून गेल्या होत्या. कधी गेल्या, तिसऱ्याच्या आधी की नंतर, कोणाला माहीत नाही.
निघताना नाना म्हणाले, "उद्या माल जास्त येणार. पूर्ण रांग घेशील?"
मी काय म्हणालो ते आठवत नाही. त्यांनी मान हलवून शटर ओढलं, म्हणजे हो म्हणालो असेन.