गळता नळ आणि चार मजले

३ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

माझ्या फुफ्फुसातल्या गाठीला परवा पहिला डोस दिला. सलाईनमधली केमो मला सोसत नव्हती, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून डॉक्टरीणबाईंनी मांडीच्या सांध्यापाशी धमनीत एक बारीक नळी घातली, पडद्यावर बघत बघत छातीपर्यंत नेली आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीतच औषध सोडलं. चाळीस वर्षं प्लंबिंग केलेल्या माणसाला हे चटकन पटतं. एका नळाच्या दोषासाठी अख्ख्या इमारतीची टाकी कशाला नासवायची? गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली आहे. ती आटून सुटी झाली, तरच सर्जन कापून काढणार.

आता गुन्हा कबूल करतो. सहा तास पाय न हलवता पडून राहायचं होतं आणि वॉर्डातला नळ टपटपत होता. तिसऱ्या तासाला मी उठलोच. नळ थांबला, पण मांडीतून रक्त सुरू झालं. नर्सने वीस मिनिटं मांडी दाबून धरली आणि तेवढा वेळ माझी बिनपाण्याने केली. तुझी वहिनी अजून माझ्याशी बोलत नाही. तू तरी लिही.

तुझा,
दादा

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जित्याची खोड... पुढचं लिहवत नाही. वर्गात मी पन्नास मुलं गप्प बसवते, पण तुला सहा तास आडवं ठेवणं कुणाच्या बापाला जमणार नाही. वहिनी बोलत नाही ते योग्यच आहे.

आता माझं ऐक. माझ्या स्वयंपाकघरातला नळ तोटीतून टपकतोय, खाली पातेलं ठेवलंय. तो तूच येऊन दुरुस्त करायचा. चौथा मजला, लिफ्ट नाही, हे तुला माहीत आहे. तोवर दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू देणार नाही. मला फार भीती वाटते रे दादा, म्हणून अशी अट घालून बसले आहे.

माया आहेच, ती असू दे.

तुझी,
ठकी

२० मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

नव्या फोटोत गाठीची आतली बाजू आटलेली, बाहेरची जशीच्या तशी. सर्जनने नकाराची मान हलवली. तुझी वहिनी तुला फोन करून रडली, हे मला कळलं आहे. मीही दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.

तिसऱ्या दिवशी डोकं चाललं. मेन कॉक बंद करूनही एखाद्या खोलीत पाणी येत राहिलं, तर समजावं की शेजारच्या लाईनीवरून जोड घेतलाय. डॉक्टरीणबाईंना विचारलं, गाठीला दुसरी लाईन तर नाही? त्या हसून म्हणाल्या की त्यांनाही तीच शंका आहे आणि त्या तेच शोधणार आहेत. काल बरगड्यांच्या बाजूने आलेली एक बारीकशी धमनी सापडली! तिच्यातही औषध सोडलं. या खेपेला सहा तास मी ओंडक्यासारखा पडून होतो. तुझ्या वहिनीने खुर्चीच माझ्या आणि नळाच्या मधे टाकली होती.

धीर धर.

दादा

१४ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गाठ आटली, सुटी झाली, ऑपरेशन झालं आणि परवाच्या फोटोत तिचा मागमूसही नाही! वहिनीचं पत्र वाचून शिक्षकांच्या खोलीत मी अशी ओरडले की मुख्याध्यापिका खडू हातात घेऊन धावत आल्या. मग त्याही रडल्या.

जिने चढायला परवानगी मिळाली आहे म्हणे. मग आता सबबी नकोत. नळ अजून टपकतोच आहे. पान्यांची पिशवी वहिनीकडे दे, तू फक्त स्वतःला वर आण.

वाट बघते आहे.

ठकी

६ ऑगस्ट

चि. ठकीस,
अ. उ. आ.

सुखरूप घरी पोचलो. चार मजले चढलो, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर दम खाल्ला, तेवढं सोडलं तर आपण जिंकलो. खालच्या मजल्यावरचे आजोबाही टाळ्या वाजवत होते.

एक गोष्ट तुझ्या घरी बोललो नाही. तो नळ तोटीतून गळतच नव्हता. गळत होता वर, मुठीखालच्या दांड्यावरच्या नटापाशी. आतला वायसर नवाकोरा होता आणि नटावर सांडशीचे ताजे ओरखडे होते. तुझ्या वहिनीने रडत फोन केला तेव्हाच ना धीर सोडून तू दुसऱ्या कुणाकडून तो बदलून घेतलास? आणि मी येणार म्हटल्यावर स्वतःच्या हाताने नट ढिला केलास.

रागावलो नाही गं. मीही तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, तू निदान काहीतरी दुरुस्त तरी केलंस. वायसर चांगला होता, तोच ठेवला. नुसता नट आवळला आणि तू चहा ठेवत होतीस तिकडे पाठ करून डोळे पुसले.

पुन्हा कधी धीर सुटला तर प्लंबर बोलावू नकोस. मला बोलाव. मी चढून येईन.

तुझा,
चार मजल्यांचा दादा