टॅक्सी सोडवून आणली त्याबद्दल

भटवाडी, घाटकोपर
रविवार, ३० ऑक्टोबर १९८३

प्रिय नंदू,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी गाडीची बातमी. टॅक्सी बुधवारी सोडवून आणली. सतरा दिवस ती पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात उभी होती. पुढचा डावा दिवा फुटलाय, मडगार्ड आत गेलंय, बॅटरी उतरली होती. शेजारी पोलिसांच्या जीपवर दसऱ्याचा झेंडूचा हार सुकून लटकत होता. आपल्या गाडीला या दसऱ्याला फूल लागलं नाही. घेतल्यापासून पहिल्यांदाच.

वहिनी कशी गेली गाडी आणायला, असं तुला वाटेल. कागदावर जिचं नाव तिलाच गाडी मिळेल, असं कोर्टाने सांगितलं. दादांनी हौसेने ती माझ्या नावावर घेतली होती. त्या दिवशी चाळीत पेढे तूच वाटलेस, तेव्हा तू अकरावीत होतास. दादा स्वतः मात्र हे विसरले असावेत. बाकी सगळ्याचा त्यांनी विचार केला होता.

केस बारा डिसेंबरला आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा ते कबूल करणार आहेत. वकील म्हणतो, टॅक्सीवाल्याला कोर्ट सोडत नाही, लायसन आणि बिल्ला दोन्ही जातील. बिल्ला गेला की दादांच्या हाताला दुसरं काम नाही, हे तुला माहीत आहे. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ते काय करतील, मला सांगता येत नाही. त्यांनाही विचारून पाहिलं. ते म्हणाले, "बघू."

आता त्या रविवारचं लिहिते. मला जसं कळत गेलं तसंच लिहिते. कुठे चुकलं तर कळव.

नऊ तारीख. तू सकाळीच मित्रांकडे मुलुंडला गेला होतास, मंगळवारी तुझं मस्कतचं विमान होतं. दादा नवरात्रातल्या भजनावरून उशिरा आले. मी त्यांना पावणेतीनला ताक वाढलं. वेळ मला नक्की आठवते, कारण आपल्याकडे पाणी तीनला येतं आणि माझं लक्ष घड्याळावर होतं. नळ सुरू झाला आणि खालून शिवदास वाण्याने हाक मारली, "जयवंतराव, फोन!" दादा खाली गेले, वर आले, शर्ट घातला. मी इस्त्रीचा रुमाल दिला, निळ्या काठाचा. कुणाचा फोन म्हणून विचारलं. म्हणाले, पॅसेंजर आहे. रविवारी ते गाडी काढत नाहीत. मी तसं म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. गाडी पेट्रोल पंपाजवळ उभी असते, तिथवर ते चालत गेले असं मी धरून चालले.

तू साडेचारला आलास. आंघोळ केलीस, डोकं दुखतंय म्हणालास आणि भिंतीकडे तोंड करून झोपलास. सातला हवालदार आला. जयवंत रावजी परब, भांडुपला आग्रा रोडवर दारूच्या नशेत गाडी सायकलच्या दुकानात घातली, ताब्यात आहेत. मी तुला हलवून उठवलं आणि सांगितलं. तू वळला नाहीस. मला वाटलं, भावाच्या लाजेने.

सोमवारी जामिनावर ते घरी आले, त्यांच्या गळ्यात माळ नव्हती. पोलिसांनी काढून घेतली असेल असं मला वाटलं. मी विचारलं नाही. मी दुसरंच विचारलं, तुझ्यासमोर विचारलं, मोठ्याने विचारलं. किती वर्षं चाललंय हे? गुरुवारचं भजन म्हणजे भजनच होतं ना? चौदा वर्षं माळ घालून मला फसवलंत का? शेजारची मंजुळा दारात येऊन उभी राहिली, तरी मी थांबले नाही. दादा म्हणाले, "झालं माझ्याकडून." तू मोरीत दाढी करत होतास. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

मंगळवारी तू आमच्या पाया पडलास. दादांच्या पायांवर जास्त वेळ वाकलास. तेही मी पाहिलं आणि त्याचाही वेगळाच अर्थ लावला.

तू गेल्यावर मी काय काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. त्यांचे शर्ट धुण्याआधी मी हुंगले. तांदळाच्या डब्यात हात घालून पाहिला. माळ्यावरचे तुझे जुने बूट उलटे केले. ते दात घासत असताना मी मागे उभी राहायचे, किती वेळ घासतात ते पाहायला. गुरुवारी भजनाला निघाले तेव्हा मी मागोमाग गेले आणि नारळवाल्याच्या गाडीआड थांबले. ते देवळात गेले नाहीत. बाहेर चपलांजवळ कठड्यावर बसून राहिले. आतून कुणीतरी बोलावलं तर त्यांनी हाताने नको म्हटलं. तास-दीड तास तसेच बसून घरी आले. मला खात्री पटली. ज्याच्या मनात काळं आहे तोच देवळाबाहेर बसतो, असं मी स्वतःला सांगितलं. एवढा विश्वास मी कधी कशावर ठेवला नव्हता, जेवढा त्या संशयावर ठेवला.

तुझं पहिलं पत्र बावीस तारखेला आलं. नेहमीसारखं मी ते मोठ्याने वाचलं, दादा पाटावर बसून ऐकत होते. खोली, उकाडा, खोलीतला मंगळूरचा सोबती, मिळणारा भात. शेवटी तू लिहिलं होतंस, "वहिनी, दादाला सांभाळ. पुन्हा त्या नादाला लागू देऊ नकोस." मला तुझं कौतुक वाटलं. मी ती ओळ जरा जोर देऊनच वाचली. दादांनी ती पुन्हा वाचायला सांगितली. मी वाचली. मग ते म्हणाले, "रुळला म्हणायचा पोरगा," आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

बुधवारी पोलीस ठाण्यात गेले. हवालदाराने कागद पुढे केले, सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. वाचल्याशिवाय मी सही करत नाही, चौथीच्या पोरांनाही तेच शिकवते. मी पंचनामा वाचायला घेतला. हवालदार म्हणाला, "काय बाई, पेपर तपासताय काय? करा ना सही." दुसरा म्हणाला, "मालक पितात, मालकीणबाई वाचतात. झकास चाललंय." दोघे हसले. मी वाचत राहिले. गाडीत मिळालेल्या वस्तू लिहिल्या होत्या. जॅक एक. पाना एक. रमची रिकामी बाटली एक, पुढच्या सीटखाली. तुळशीची माळ एक, रुमालात बांधलेली, मीटरमागच्या खणात. त्यांनी पुडकं माझ्यापुढे टाकलं. निळ्या काठाचा रुमाल, चारी टोकांची गाठ मारलेला. तो हसणारा म्हणाला, "माळकरी पण पितात आजकाल."

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? हेच, की ही त्यांची रीतच दिसते. माळ काढायची, नीट बांधून ठेवायची, प्यायचं, पुन्हा घालायची. देवालाही फसवायची पद्धत बसवलेली. एवढं ठरवून मी पंचनाम्याचं दुसरं पान उलटलं. अपघाताची वेळ, दुपारी पावणेतीन.

मी ते तीनदा वाचलं. हवालदाराला विचारलं, वेळ बरोबर आहे का? तो म्हणाला, सायकलवाल्याने स्वतः चौकीवर येऊन सांगितली, त्याच्या दुकानात घड्याळ आहे. नवरात्राचा बंदोबस्त होता, त्यामुळे आमचा माणूस पोचेपर्यंत चार वाजले, पण वेळ हीच. पावणेतीनला दादा माझ्यासमोर पाटावर ताक पीत होते. मी सही केली.

शुक्रवारी शाळेतून परस्पर भांडुपला गेले. सायकलवाल्याचं नाव धाकू, आपल्याच मालवणकडचा. भाड्याच्या सायकलींची रांग पुन्हा लावलेली होती, तीन वाकड्या चाकांच्या बाजूला. आधी तो बोलेना. तुमच्या मालकांनी हात जोडले होते, गाववाल्याला शब्द दिलाय, म्हणाला. मी म्हटलं, मी कोर्टात जाण्याआधी मला फक्त एवढंच सांगा, ते प्यायले होते का? त्याने हातातलं चाक बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "बाये, तुमचो मालक पियालेलो नाय होतो गे. पियालेलो तो लांबडो झिल. थयं पायरेर डोक्याक हात लावन बसलेलो. मालक रिक्षातना उतारलो, तेका तेच रिक्षात घातल्यान आनि म्हणालो, घराक जा, आंघोळ कर. लोकांनी चौकीवर सांगितलेला, डायवर पियालो हा. मगे हो गाडीत बसलो. गळ्यातली माळ काढल्यान, रुमालात बांधल्यान, नि सीटखालची बाटली नाक धरून पियालो. औषध पितत तशी. मगे माज्या पायरेर येवन ओकलो."

आपल्या घरात उंच पोरगा एकच आहे. धाकूने पाणी दिलं.

दारूचा वास नसलेला माणूस सापडला असता, तर पोलिसांनी वास असलेला शोधला असता. गाडी सकाळी तू नेली होतीस, तीनचा फोनही तुझाच, आणि दोन दिवसांवर तुझं विमान होतं. हे दादांनी रिक्षात बसल्या बसल्या जुळवलं. माळ गळ्यात असताना पिता येत नाही, म्हणून ती आधी काढली. पुन्हा घालता येत नाही, कारण प्याले तर होतेच. देवळाबाहेर बसले ते यासाठी. मी नारळवाल्याआड उभी होते ती कशासाठी?

काल मी रुमाल त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, पावणेतीनला तुम्ही घरात होतात. त्यांनी गाठ सोडली नाही. "तुला कळायला नको होतं," म्हणाले. मी तुझं नाव घेतलं तर म्हणाले, "गप्प बस. त्याला यातलं अक्षर लिहू नकोस. परदेशात एकटा आहे, मन लागणार नाही त्याचं." मी म्हटलं, आणि त्याने ती ओळ लिहिली ती? ते म्हणाले, "पोर आहे. घाबरून लिहिली असेल." नंदू, तू एकोणतीस वर्षांचा आहेस.

त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. गाडी माझ्या नावावर आहे, म्हणून कोर्ट मलाही विचारणार आहे की त्या दिवशी गाडी कुणाच्या हातात होती. मी जयवंत परब असं सांगावं. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. आई गेल्यावर तुला या घरात आणला तेव्हाही मागितलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं होतं.

अक्षर लिहू नकोस म्हणाले, तरी मी लिहिते आहे. ते खाली गाडी धूत आहेत. चालवता येणार नाही तिला, तरी धूत आहेत. मी तुला परत बोलावण्यासाठी लिहीत नाही. तू आलास तर त्यांचं सगळंच वाया जाईल. लिहिते कारण तुझं पुढचं पत्र येईल आणि नेहमीसारखं ते मला मोठ्याने वाचायचं आहे. पत्राला इथे यायला दहा-बारा दिवस लागतात. बारा डिसेंबरच्या आत ते येऊ शकतं. त्यात दादांना काय लिहायचं ते तुझं तू ठरव. ते पाटावर बसतील, मी पहिल्या ओळीपासून वाचीन. जी ओळ असेल ती वाचीन, एकही गाळणार नाही आणि मनाची एकही घालणार नाही. ते ऐकून झाल्यावर, शपथेवर कुणाचं नाव घ्यायचं ते मी ठरवीन. माळ अजून रुमालातच आहे, गाठ कुणी सोडलेली नाही.

आशीर्वाद त्या पत्रानंतर पाठवीन.

तुझीच,
रत्नप्रभा वहिनी