मापाचा ब्लाउज

बोईसर,
रविवार, १६ नोव्हेंबर

तीर्थरूप नर्मदाआत्यास,
समिधाचा साष्टांग नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफ कर. गणपतीनंतर ना धड फोन केला, ना घिवलीला येऊन दोन घटका बसले. भाऊबीजेला आले ती पाहुण्यांच्या गर्दीत आले आणि गेले. (वर 'माफ करा' लिहिलं होतं, मग खोडलं. तुला 'तुम्ही' म्हटलं की तू म्हणशील, "कोणाला लिवतेस गो, सरपंचाला?") तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? अण्णांचा खोकला गेला का, की अजून ते वाडीत नारळाखाली उभं राहून विड्या ओढतात आणि तुला कळत नाही असं समजतात? आम्ही इकडे खुशाल आहोत. ('खुशाल' लिहिताना जरा थांबले. पण सुई टोचलेलं बोट आता बरं आहे, तेव्हा राहू दे.)

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, म्हणजे तुला चष्म्याने वाचता येईल. पत्र अशासाठी, की फोनवर तू पहिल्या वाक्यालाच "ब्लाउज झाला का?" म्हणून अडवतेस, आणि त्या प्रश्नाचं उत्तर आता एका वाक्यात देण्यासारखं राहिलेलं नाही. समोर यावं, तर तू माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या बाहीकडे बघतेस.

तुला सुईत दोरा ओवता येईना म्हणून होळीला तू तुझं शिलाई मशीन टेम्पोत घालून माझ्याकडे पाठवलंस, तो दिवस मी विसरलेले नाही. ज्या मशीनवर अर्ध्या घिवलीच्या नवऱ्या सजल्या, ते तू मला दिलंस, मला, जिने कॉलेजात असताना बटण तुटलं तर सदराच बदलला! मग श्रावणात तू आलीस, मशीनवर माझ्या कुंड्या पाहिल्यास आणि म्हणालीस, "मशीन हाय का तुळशीचा ओटा?" आणि तिथेच अट घातलीस. मार्गशीर्षात तुझी पंच्याहत्तरी. त्या दिवशी तुझ्या अंगात याच मशीनवर मी शिवलेला ब्लाउज असेल, नाहीतर मशीन तुझ्या सुनेकडे, भावनाकडे जाईल. आणि भावनाला त्याचं काय करायचं आहे हे आपल्या दोघींना माहीत आहे. पालघरच्या नव्या बंगल्यात मशीनचं डोकं काढून खालच्या लोखंडी पायांवर ती हात धुवायचं बेसिन बसवणार आहे. तिने मला फोटोही पाठवला. (दिसतं छान, हे प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. सुनेची चहाडी करते आहे असं समजू नकोस. तसं वाटलंच तर हा परिच्छेद वाचू नकोस.) पण ज्या पायट्यावर तुझे पाय चालले, त्याच्यावर पाहुणे चूळ भरणार, हे माझ्याने बघवणार नाही. म्हणून मी कुंड्या उचलल्या, तेल घातलं आणि शिवायला बसले.

पहिल्यांदा उशांचे अभ्रे शिवले. चेन आतल्या बाजूला गेली, त्यामुळे त्यातली उशी आता जन्मभर त्यातच राहील. मग हॉलचे पडदे. इथल्या बाजारात कारखान्यातलं किंचित डाग पडलेलं कापड वजनावर मिळतं, त्यातलं मोराचं घेतलं. पडदे टांगल्यावर कळलं की सगळे मोर डोकं खाली करून आहेत. यांना विचारलं, कसं दिसतं? प्रीतम बूट काढता काढता म्हणाले, "बरं आहे. दाणे टिपतायत." (कौतुक होतं की टोमणा, यावर मी बराच विचार केला. पडदे अजून तसेच आहेत.) पण टाका सरळ येऊ लागला, हे मी माझ्या डायरीत लिहून ठेवलं आहे, आणि डायरीत मी खोटं लिहीत नाही.

आता मूळ गोष्ट. तुझ्यासाठी जांभळ्या रंगाचा टू बाय टू रुबियाचा तुकडा आणला. "कापड आधी भिजव, आटू दे, मग कात्री लाव," हे तुझं वाक्य मला पाठ आहे. तेव्हा म्हटलं, रुबियाबरोबर पलंगपोसांचं आणि दुसऱ्या खोलीच्या पडद्यांचं कापडही एकदाच भिजवून घेऊ. भिजवलं. मग लक्षात आलं की आमच्या गॅलरीच्या दोरीवर यांच्या कंपनीचे शर्टच जेमतेम मावतात. मी कामाला जाते त्या ग्रंथालयातली हिरा समुद्राकाठच्या मुरबे गावची. ती म्हणाली, "आमच्या वलांडीवर टाका. समुद्राचा वारा, दुपारपर्यंत खडखडीत." वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या ओळी, हे मला ठाऊक होतं. पण बांबू रिकामे होते, ऊन चांगलं होतं, आणि हिरा इतक्या प्रेमाने म्हणत होती, की नाही म्हणणं मला उद्धटपणाचं वाटलं. कापड तिच्या स्वाधीन करून मी कामावर गेले.

दुपारी होड्या आल्या. हिराची सासू ठकीबाय म्हातारी बाई, तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. तिने बांबूंवर बोंबील चढवले, आणि शेजारी वाळलेलं कापड पाहून तिला गहिवरून आलं. "पोरीनं किती निगुतीनं फडकी धुवून धाडलीत गो! मेले कावले बोंबलांना सोडीत नाय." आणि माझे पलंगपोस, माझे पडदे तिने एकेक करून बोंबलांवर पांघरले. चार दिवस! बोंबील खडखडीत वाळल्यावर त्यातले निवडक माझ्यासाठी काढून ठेवले, आणि भेट उघडी कशी द्यायची, म्हणून ते रुबियाच्या तुकड्यात बांधून माझ्या हातात दिले. गाठ जांभळी, वर बोंबलांची तोंडं. म्हातारीच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मी दोन्ही हातांनी गाठोडं घेतलं आणि पाया पडले. (खरं सांगायला हवं होतं का? अजून ठरलेलं नाही. बोंबील मात्र उत्तम होते.)

मग सोडा झाला, लिंबू झालं, रिठे झाले, धूप झाला. धुपाने एवढंच झालं, की बोंबलाला देवघराचा वास येऊ लागला. कोरडं असताना तसं कळत नाही, पण इस्त्री फिरवली की वाफेबरोबर सगळं मुरबं घरात येतं. जिन्यातल्या मांजरी दारात येऊन बसतात. परवा बाही बसवून शिवणीवर इस्त्री फिरवत होते, तर खालच्या मजल्यावरचे हितेशभाई, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, नाकाला रुमाल लावून दारात. "समिधाबेन, आज एकादशी! आजच्या दिवशी पण मच्छी?" मी म्हटलं, "मच्छी नाही हो, ब्लाउज आहे." ते मांजरींमधून वाट काढत खाली गेले.

होय, बाही बसवली. तू मापाला दिलेला तुझा जुना ब्लाउज समोर ठेवून सगळा ब्लाउज मी बेतला, कापला, शिवला. गळा असा आला आहे, की स्वतःच दोनदा आरशासमोर धरला. पण हँगरला लावल्यावर दोन्ही बाह्या एकाच बाजूला वळलेल्या! दोन्ही डाव्या कापल्या होत्या. प्रीतम म्हणाले, "आत्यांना यात फक्त फुगडी घालता येईल." मी हरले नाही. उरलेल्या तुकड्यातून उजवी बाही नव्याने कापली, उजवीकडची उसवली, नवी बसवली. मग कळलं की हँगर माझ्याकडे तोंड करून होता. मी उसवली ती माझ्या उजवीकडची, म्हणजे घालणारीची डावी. आधी निदान एक बाही बरोबर होती, आता दोन्ही चुकल्या आहेत. पण एक बघ आत्या, दोन्ही बाह्या आता घरात आहेत, फक्त एकमेकींच्या जागी बसल्या आहेत. एवढी अदलाबदल केली की झालं. तेव्हा भावनाला बेसिन दुसरीकडे बघायला सांग. मशीन इथेच राहणार, कुंड्यांशिवाय.

अण्णांना नमस्कार.

तुझी,
समिधा

ता. क. : वास मार्गशीर्षापर्यंत जाईल असं प्रीतम म्हणतात. नाही गेला, तर तू त्या दिवशी वाऱ्याच्या खालच्या अंगाला बस. घिवलीतही बोंबीलच वाळतात, कोणाला वेगळं वाटणार नाही.

ता. क. २ : एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली नाही, लिहवली नाही. भाऊबीजेला ओवाळताना तुझा पदर सरकला, तेव्हा खांद्याला पिन दिसली. तुझ्या खांद्याला पिन! मांडवाच्या दारात नवऱ्या अडवून त्यांच्या पिना काढणारी तू. मापाला दिलेला ब्लाउज पाच-सहा वर्षांपूर्वीचा आहे, आत्या. त्यानंतर तुझं आजारपण झालं. बाह्या बदलल्या तरी तो तुझ्या अंगावर लोंबणार, आणि तू तो पिनेने आवळून "छान झाला" म्हणशील, आणि मला मशीन ठेवू देशील. तसं मला नको. सगळ्या गावाची मापं घेतलीस, पण तुझं माप घ्यायला गेलं की "माझं माप मला ठाव हाय" म्हणून तू आत निघून जातेस. मला अंगावरून माप हवं आहे. मागायचं ते एवढंच होतं.

ता. क. ३ : हे पत्र टपालात टाकत नाही, उद्या मीच घेऊन येते. दारात काही बोलू नकोस. उजेडात उभी राहा आणि दोन्ही हातांनी जरा उंच धरून शेवटपर्यंत वाच. पत्र एवढं लांब का लिहिलं, ते आता लक्षात आलं असेल. हात एवढ्यात खाली घेऊ नकोस, कंबर राहिली आहे.

(समिधाच्या डायरीत, त्याच रात्री) उद्या : घिवली. मापाची पट्टी पर्समध्ये टाकणे.