शुक्रवारचं पाणी

शुक्रवार, १२ मे २००६

नितीन सिंगापूरला चालला. कंपनीही तिकडेच. कापड विणताना लूमवर धागा तुटला की कॉम्प्युटरवर कळवणारं आमचं यंत्र, तीन वर्षं मी आणि नितीन दोघांनी बाबांच्या कारखान्याच्या माळ्यावर बसून बनवलं. खाली लूम चालू असले की इथे टेबलावरच्या ग्लासातलं पाणीसुद्धा थरथरतं.

आज पैसे लावणारे साहेब बघायला आले तेव्हा ते पाणी स्थिर होतं. शुक्रवार म्हणजे भिवंडीत लूमची सुट्टी. साहेब बंद लूममधून फिरले, रुमालाने हात पुसले आणि म्हणाले, "यहाँ तो कुछ चल ही नहीं रहा. सिंगापुर आ जाओ." नितीन लगेच हो म्हणाला.

ते गेल्यावर बाबा म्हणाले, "उद्या बोलवायचा ना त्याला. सगळे लूम चालताना बघितले असते."

"उद्या त्यांचं विमान हाय, काका," नितीन म्हणाला.

पण तिथे लूम कुठे आहेत? यंत्र लावणार कशाला? विचारलं तर नितीन म्हणतो, बघू, दुसरं काहीतरी बनवू.

शुक्रवार त्यानेच ठरवला होता. गोंगाट नसेल, शांतपणे बोलता येईल म्हणे. इथे भिवंडीतच, टेमघरात वाढलेल्या माणसाला शुक्रवार माहीत नाही?

संध्याकाळपासून त्याच्यावर चिडून बसलोय. पण तेव्हा "चालेल" मीच म्हणालो होतो. शुक्रवार मलाही माहीत होता. आणि सकाळी साहेब यायच्या आधी ग्लासातलं पाणी हलत नाही, बाबांच्या लूमचा खडखडाट साहेबांच्या कानावर पडणार नाही, हे बघून मला बरं वाटलं होतं.