थंड ठरलेल्या ढिगात माझा फुलचंद

प्रति,
मा. जिल्हाधिकारीसाहेब,
जिल्हा कचेरी, यवतमाळ

विषय : कोळशाचा ढीग वॅगनीत भरण्यापूर्वी उकरून मुलाचे प्रेत मिळणेबाबत.
संदर्भ : खाण कचेरीकडून मला आलेली दोन पत्रे.

महोदय,

अर्जदार रुपीबाई बेवा देवीलाल राठोड, राहणार तांडा, राजूरनजीक, ता. वणी, पदर पसरून अर्ज करते की,

१. माझा एकुलता एक मुलगा फुलचंद सेवाकृपा खाणीत साठ्याच्या ढिगावर पाणी मारण्याच्या कामी होता. दिवाळीच्या तोंडावर ढिगाचा वरचा थर खचला आणि तो आत गेला. जोडीदार नेमसिंगने दोर फेकला. तो मला म्हणाला, "काकी, दोर वर आला, पन जळून आला."

२. खाण कचेरी म्हणते, फुलचंद फरार आहे. खाणीच्या साहेबांनी कोळशाचा नमुना मुंबईच्या एका संशोधन संस्थेत पाठविला. कोळसा हवा शोषून किती वेगाने तापतो, हा हिशेब तेथे भोके पाडलेल्या जाड कागदी पत्त्यांवरून गणकयंत्रात घालतात आणि ढीग केव्हा पेटेल ते यंत्र सांगते. यंत्राने ढीग थंड ठरविला. थंड ढिगात माणूस जळत नाही, सबब तो पळाला. परंतु नमुना खाणीतून नुकत्याच निघालेल्या कोरड्या कोळशाचा होता. ढीग उन्हाळ्यापासून पडून, त्यावर रोज पाणी. ओली सरकी पोत्यात कशी तापते हे इकडे सर्वांस ठाऊक आहे. यंत्रास कोणी सांगितलेच नाही.

३. ढीग उकरा म्हणून मी पाया पडले. उत्तर आले की, उकरल्यास हवा लागून ढीग भडकेल. महोदय, ढीग थंड आहे की भडकतो, हे एकदाचे ठरवून द्यावे. अर्जनवीस रामरावजी हे वाक्य गाळा म्हणाले. मी गाळू दिले नाही.

४. आमच्या गोरमाटी, म्हणजे बंजारा, लोकांत लग्न न झालेल्यास पुरतात, अग्नी देत नाहीत. फुलचंदची सगाई झाली होती, लग्न राहिले होते. येत्या सोमवारी वॅगनी लागणार. कोळसा कोठल्यातरी इंजिनात पडेल आणि माझे लेकरू पुन्हा जळेल. मले हे सोसवत नाही. ओंजळभर का होईना, जे मिळेल ते मातीत ठेवू द्यावे.

५. तेही जमत नसेल तर यंत्रास एवढेच विचारावे, की अशा ढिगात माणसाचा जीव जाण्यास किती वेळ लागतो. फार लागत नाही असे उत्तर आल्यास मला कळवावे. दुसरे काही आल्यास कळवू नये.

आपली दुःखी अर्जदार,
रुपीबाई बेवा देवीलाल राठोड
(निशाणी डावा अंगठा)

दस्तुर रामराव, अर्जनवीस, वणी
दि. २ डिसेंबर १९६६